समासातला हात

॥ श्री ॥



छापील पोथीवर हातानं काही लिहावं का? प्रश्न साधा दिसतो, पण त्यावरून घराघरांत वाद होतात. जुनं घर आवरायला काढलं, आजी-आजोबांचं कपाट उघडलं, की पोथ्या बाहेर निघतात. पान उलटावं तर कडेला पेन्सिलच्या खुणा, कुठे जोडशब्द फोडून लिहिलेला, कुठे तारीख, कुठे चिमुकलं कमळ काढलेलं. मग एक जण म्हणतो, "ग्रंथ रेघोट्यांनी भरलाय, पारायणाला नवी प्रत आणू, ही नदीत सोडून देऊ." दुसरी म्हणते, "अरे, हे आईचं अक्षर आहे, ते कसं सोडायचं?" मन दोघांचंही शुद्ध असतं. एकाला ग्रंथाचा मान राखायचा असतो, दुसरीला माणसाचा. म्हणून या वेळी यावरच थोडा विचार करू या.

आधी एक शब्द पाहू. पानाच्या कडेला जी कोरी जागा सोडतात तिला आपण 'समास' म्हणतो. शाळेत गुरुजी सांगायचे, "समास सोडून लिहा." आणि समर्थांच्या दासबोधात वीस दशक आहेत, प्रत्येक दशकात दहा समास, म्हणजे एकूण 200. तिथे समास म्हणजे प्रकरण, मजकुराचा भाग. एकाच शब्दानं आपण भरलेली जागाही सांगतो आणि मुद्दाम रिकामी ठेवलेली जागाही सांगतो. मराठीत राहून आपल्याला याचं काही वाटत नाही, पण क्षणभर थांबून पाहा, किती अर्थ आहे त्यात!

त्याच दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं वळणदार असावं, ओळ कशी सरळ जावी, शाई कशी असावी, हे समर्थ अगदी हात धरून शिकवल्यासारखं सांगतात. त्यात एक बारीक गोष्ट येते. पानाच्या भोवती जागा सोडावी आणि मजकूर मधे लिहावा, म्हणजे कागद कडेनं झिजला, झडला, तरी अक्षराला धक्का लागत नाही. म्हणजे समास हा मजकुराचा राखणदार. झीज आधी त्यानं सोसायची, मजकूर आत सुरक्षित. आता विचार करा, आपल्या आजीनं जे लिहिलं ते नेमकं या झिजणाऱ्या जागेत लिहिलं. तिनं टिकण्याची जागा मागितली नाही. जी जागा आधी जाणार, तिथे ती बसली.

दुसऱ्या बाजूला नाथमहाराजांचा इशारा आहे, तोही विसरून चालणार नाही. ज्ञानेश्वरी शके 1212 मधली, म्हणजे 1290 सालची. पुढे जवळजवळ तीनशे वर्षं ती हातानं उतरवली गेली. उतरवणारा माणूस कधी चुकायचा, कधी स्वतःची ओवी मधे सरकवून द्यायचा. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथ महाराजांनी निरनिराळ्या प्रती पाहून पाठ शुद्ध केला. आणि शेवटी बजावून ठेवलं की यात जो स्वतःची ओवी घालील, तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवणारा समजावा. बघा, नाथ स्वतः केवढे मोठे कवी! त्यांना ओवी घालता आली नसती का? पण त्यांनी एकही घातली नाही. त्यांनी सगळं कौशल्य दुसऱ्याचं शब्दधन जसंच्या तसं ठेवण्यात लावलं.

मग हे दोन थोर पुरुष एकमेकांच्या विरुद्ध बोलतात का? नाही. दोघं एकच गोष्ट दोन बाजूंनी सांगतात. मजकूर मधे, त्याला हात लावू नका. कड मोकळी आहे. कडेला लिहिणारा माणूस मजकुराशी बोलतो. मजकुरात घुसणारा माणूस मजकूर होऊ पाहतो. पहिल्यात भक्ती असू शकते. दुसऱ्यात बहुतेक वेळा 'मी' असतो.

आपल्या जुन्या पत्रव्यवहारात ही जाण फार सुंदर दिसते. मराठेशाहीत पत्र कारकून मोडीत लिहायचा. मजकूर जिथे संपला तिथे मोर्तब उठवायचे, हेतू हा की त्यानंतर कुणी मागून ओळ घुसवू नये. काही पत्रांवर 'लेखनसीमा' असा शिक्का असायचा. शिवछत्रपतींच्या मोर्तबावर शब्द आहेत, 'मर्यादेयं विराजते'. ही मर्यादा इथे शोभते आहे. किती विचार करून निवडलेले शब्द! 'मर्यादा बंदी घालते' असं नाही म्हटलं, 'मर्यादा शोभते' म्हटलं. आणि त्याच काळात कारकुनानं लिहिलेल्या पत्रात धनी कधीकधी स्वदस्तुरानं, म्हणजे स्वतःच्या हातानं, एखाद-दोन ओळी लिहीत. पत्र वाचणाऱ्याची नजर आधी तिकडेच जात असणार. मजकूर दरबाराचा, त्या दोन ओळी माणसाच्या.

आता छापखान्याकडे येऊ. आपल्याला वाटतं छपाई आली आणि हात संपला. तसं झालं नाही. युरोपात 1455 च्या सुमाराला गुटेनबर्गनं बायबल छापलं, तेव्हा प्रकरणांच्या आरंभीच्या मोठ्या अक्षरांसाठी जागा कोरी सोडली होती. ज्यानं प्रत घेतली त्यानं कलाकाराला बसवून तिथे लाल-निळ्या रंगांत अक्षरं, वेलबुट्टी काढून घ्यायची. म्हणून एकाच छपाईच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर त्या वेगळ्या दिसतात. यंत्रानं काम केलं, पण पूर्ण करायला माणसाच्या हाताची वाट पाहिली.

आपल्या लग्नपत्रिकेत दुसरं काय असतं? पत्रिका पाचशे छापल्या, सगळ्या सारख्या. मग घरातली मंडळी सतरंजीवर गोल करून बसतात. कुणी चारही कोपऱ्यांना हळद-कुंकवाची बोटं लावतं, कुणी यादी वाचतं, आणि ज्याचं अक्षर घरात सर्वांत चांगलं त्याच्याकडे पेन जातं. 'रा. रा. … यांस, सहकुटुंब सहपरिवार'. एखाद्या पत्रिकेत खाली हळूच आणखी एक ओळ पडते, 'आत्या, चार दिवस आधी यायचं हं'. पाचशेतली ती एकच पत्रिका आत्याची झाली. बाकी सगळा मजकूर जगासाठी, ती ओळ एका माणसासाठी. पत्रिका जपून ठेवली जाते ती त्या ओळीसाठी.

बडोद्याची मंडळी सांगतील, दिवाळीत चोपडापूजन होतं तेव्हा नव्या कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहितात. वर एक, खाली दोन, मग तीन, असं करत 'श्री'चं शिखरच उभं करतात. वही कारखान्यात आखलेली, रेघा छापलेल्या. पण हाताचं 'श्री' पडेपर्यंत ती नुसता कागद. मग ती पेढीची वही होते.

आता कुणी विचारील, याला कला म्हणायचं का? कला म्हणजे चित्रकार, गवई. आजीनं पेन्सिलनं काढलेलं कमळ म्हणजे कसली कला?

एक खरी घडलेली गोष्ट सांगतो. 1515 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावात इरॅस्मस या पंडिताचं एक पुस्तक छापून निघालं. माणसाच्या मूर्खपणानं स्वतःच स्वतःची स्तुती करावी, असा विनोदी पण बोचरा विषय. त्याची एक प्रत गावातल्या एका शाळामास्तरांकडे होती. तिच्या समासात हान्स होल्बाईन नावाच्या, जेमतेम अठरा वर्षांच्या पोरानं, त्याच्या भावासोबत, शाईनं छोटी छोटी चित्रं काढली. मजकुरात जे आलं त्याला उत्तर म्हणून कडेला चित्र. पुढे तोच होल्बाईन इंग्लंडच्या राजाचा चित्रकार झाला, मोठमोठी तैलचित्रं काढली. पण ती शाळामास्तरांची प्रत आजही बाझलच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. त्या पुस्तकाच्या छापील प्रती अनेक होत्या. समासात माणूस उमटला तो या प्रतीत.

होल्बाईन थोर कलावंत झाला म्हणून त्याचं समासातलं चित्र मोलाचं, आणि आजीचं कमळ बिनमोलाचं, असं म्हणता येईल. संग्रहालय तसंच म्हणेल, आणि संग्रहालयाच्या जागी ते बरोबरही आहे. पण कमळ का काढलं ते पाहा. छापील ओवी तिला इतकी भिडली, की 'वाचलं' एवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. शब्दानं सांगता येईना, मग हातानं फूल ठेवलं. देवापुढे ठेवतो तसंच. ज्या क्षणी माणसाला आतून काही सांगायचं असतं आणि ते तो कुणाला दाखवण्यासाठी नव्हे, तर राहवत नाही म्हणून उमटवतो, तिथे कलेचं बीज असतं. पुढे त्याचं झाड होतं की नाही ही वेगळी गोष्ट.

घरातलं कालनिर्णय घ्या. 1973 पासून ते आपल्या भिंतीवर आहे. तिथी, वार, सण सगळं छापलेलं. पण भिंतीवरून उतरवलेलं बारा महिन्यांचं कालनिर्णय चाळलं तर छापलेलं कुणी वाचत नाही. चौकोनात लिहिलेलं वाचतात. 'दूध नाही', 'गॅस लावला', 'भांडीवाली रजा', 'बाळाला पहिला दात', 'दादांचं ऑपरेशन'. एखाद्या चौकोनात काहीच शब्द नाहीत, फक्त बारीक स्वस्तिक. घरात सगळ्यांना कळतं की त्या दिवशी काय शुभ झालं. पंचांग सगळ्या मुलखाचं, पण ते वर्ष त्या घराचं झालं ते पेन्सिलीमुळे.

आपल्यासारख्या, महाराष्ट्राच्या बाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांत तर याला आणखी एक पदर आहे, आणि तो मनाला लागणारा आहे. हैदराबादच्या एखाद्या घरात आरतीच्या पुस्तकात मराठी ओळीच्या वर तेलुगू लिपीत बारीक अक्षरं दिसतात. बडोद्याकडे तीच गोष्ट गुजरातीत, बेळगावकडे कानडीत. मराठी बोलता येतं, देवनागरी वाचताना अडखळतं, अशा सुनेनं किंवा नातीनं ती ओळ स्वतःच्या लिपीत वर लिहून घेतलेली असते. चार लोकांत आरती म्हणताना मागे पडू नये म्हणून. शुद्धलेखनाच्या दृष्टीनं पाहिलं तर पान विद्रूप झालं. पण मला विचाराल तर त्या पानाइतकं सुंदर पान दुसरं नाही. खाली छापलेली भाषा, वर तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी टाकलेला हाताचा पूल. ते पुस्तक नदीत सोडून नवी कोरी प्रत आणली, तर पान स्वच्छ होईल, पण पूल जाईल.

इतकं म्हटल्यावर दुसरी बाजूही मांडायलाच हवी. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, समासात लिहिणं हीच भक्ती, आणि दिसेल त्या पुस्तकात पेन चालवेल.

पहिली गोष्ट, पुस्तक कुणाचं? सयाजीराव महाराजांनी बडोद्यात 1910 मध्ये ग्रंथालयांची मोठी व्यवस्था उभी केली, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या. असं पुस्तक शेकडो हातांतून जायचं असतं. त्यात मी माझ्या आवडीच्या ओळींखाली रेघ मारली, तर पुढच्या प्रत्येक वाचकाच्या डोळ्याला मी धरून ओढतो, 'इथे बघ, मला हे आवडलं'. त्याला स्वतःहून थांबायची जागा शोधू देत नाही. देवळातली पोथी, मठातली पोथी, ग्रंथालयाचं पुस्तक, ही आपली नाहीत. तिथे हात आवरणं हीच सेवा. लिहायचंच असेल तर वेगळी चिठ्ठी ठेवावी.

दुसरी गोष्ट, कागद कसला? पोथीच्या कडेची ओळ आणि खरेदीखताच्या कडेची ओळ सारखी नव्हे. दस्तात ओळींच्या मधे काही लिहिलं, खोडलं, कोरं ठेवलं, तर त्या जागी करून देणाऱ्यांनी सही करून ते मान्य करावं, असं 1908 च्या नोंदणी कायद्यातही आहे. सही नसेल तर नोंदणी नाकारता येते. याचा अर्थ असा की जोडायला हरकत नाही, पण जोडलं हे उघड असलं पाहिजे आणि कुणी जोडलं हेही. लपून घातलेली ओळ, मग ती जमिनीच्या कागदात असो की संतांच्या वचनात, फसवणूकच. आज कितीतरी सुविचार कुणाच्याही नावावर फिरतात. मजकूर आपला, नाव संतांचं. नाथांनी ज्या नरोटीबद्दल बजावलं ती हीच. हातानं लिहिलेलं निदान अक्षरावरून वेगळं ओळखू येतं. टाइप केलेलं तेवढंही दिसत नाही.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे, कारण ती दुसऱ्याला दिसत नाही. कडेला लिहिताना मनात काय होतं? स्वतःला समजावं म्हणून लिहिलं, पुढच्याला उपयोग व्हावा म्हणून लिहिलं, की कुणीतरी पाहून म्हणावं 'केवढा अभ्यास!' म्हणून? तांबड्या शाईत, मोठ्या अक्षरात, पानभर? हे ज्याचं त्यानं तपासायचं. लहान अक्षर काढणाऱ्याच्याही मनात मोठा अहंकार असू शकतो. पण एक खूण आहे. खरी टीप वाचल्यावर डोळा पुन्हा मूळ ओवीकडे जातो. खोटी टीप वाचल्यावर डोळा लिहिणाऱ्याकडे जातो.

म्हणून मला वाटतं, समासातल्या हाताचं सौंदर्य त्याच्या मर्यादेत आहे. जागा थोडी, तीही कडेची, मजकूर आपल्याहून मोठा, आणि झीज आधी आपल्यालाच लागणार. एवढं मान्य करून जो हात उमटतो तो शोभतो. मोर्तबावरचा तो शब्द इथेही खरा ठरतो.

आता मूळ प्रश्न. ती आईची पोथी नदीत सोडायची की ठेवायची?

फ्रान्समध्ये पिएर द फर्मा नावाचा न्यायखात्यातला माणूस होता, गणिताचा मोठा नादी. 1621 साली छापलेल्या एका प्राचीन गणितग्रंथाच्या समासात तो टिपा लिहायचा. एका टिपेत त्यानं म्हटलं की या विधानाची सुंदर सिद्धता मला मिळाली आहे, पण ती मावायला हा समास अपुरा आहे. 1665 मध्ये तो गेला. मुलगा सॅम्युएल यानं पाच वर्षांनी, 1670 मध्ये, तो ग्रंथ वडिलांच्या समासातल्या टिपांसकट पुन्हा छापला. त्या एका टिपेनं जगातल्या गणितींना तीनशेहून जास्त वर्षं जागं ठेवलं. शेवटी 1994 मध्ये अँड्र्यू वाइल्स यांनी ते विधान सिद्ध केलं. वडिलांची ती मूळ प्रत आज कुठेच सापडत नाही. मुलानं कडेची अक्षरं वाचून उतरवून घेतली म्हणून ती राहिली.

आपल्या आईच्या टिपेत गणित नसेल. 'इथे थांबून पाणी प्यावे' एवढंच असेल. किंवा 'आज मन लागले नाही'. पण ते वाचणारं घरातच कुणी नसेल, तर जगात दुसरं कोण वाचणार?

जीर्ण पोथीचं विसर्जन ही आपली रीत आहे, तिचा अनादर नको. पान हातात घेतलं की तुकडे पडतात अशी पोथी किती दिवस ठेवणार? पण विसर्जनाआधी एकदा तिचे समास वाचावेत. घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवावं, कारण अक्षर कुणाचं ते त्यांनाच कळेल. चांगल्या उजेडात पानांचे फोटो काढावेत. टिपा एका वहीत उतरवाव्यात, कुणाच्या, साधारण कोणत्या काळातल्या, ते नोंदवून. मोडीतल्या असतील तर मोडी वाचणारं कुणी गाठावं. पोथी अजून धड असेल तर ठेवावीच, आणि नवीन प्रतीवरून पारायण करताना ती शेजारी असू द्यावी. जपायच्या हौशीनं पानं प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट मात्र करू नयेत. एकदा तसं केलं की ते सहजी परतवता येत नाही आणि जुन्या कागदाचं नुकसानच होतं. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवणं, ही आजीचीच पद्धत चांगली.

आणि स्वतःच्या प्रतीत आपणही लिहावं. पेन्सिलनं, बारीक, कडेला. कोणत्या दिवशी कोणती ओवी कळली, कोणती कळली नाही. 'कळली नाही' हे आवर्जून लिहावं. पुढे नातवंडांना त्याचाच आधार वाटेल, की आपल्या आजोबांनाही इथे अडलं होतं.

शेवटी आपल्या फोनकडे पाहू. रोज सकाळी प्रत्येक ग्रुपवर छापील फुलं आणि छापील सुप्रभात येतात, एकाकडून आलेली आपण दहांना पुढे ढकलतो. त्यात वाईट काही नाही. पण त्यालाही एक समास आहे, खालची रिकामी जागा. तिथे स्वतःची एक ओळ टाका. 'काकू, गुडघा कसा आहे?' एवढीच. कागदावर बोटाला कुंकू लावून कोपरा रंगवायचो, तसंच हे.

या आठवड्यात घरातली एक तरी जुनी पोथी, पत्रिका किंवा कालनिर्णय उघडा. मधलं छापलेलं आपल्याला पाठ आहे. कडेला काय लिहिलंय ते पाहा, आणि घरातल्या लहानांना वाचून दाखवा.

सर्वांना सप्रेम नमस्कार.

॥ शुभं भवतु ॥